मेन बंद करू नये

आमच्या घरात कागद होते, वाचणारं कोणी नव्हतं. रेशनकार्ड, बाबांचा खदानीवरचा पास, आईच्या दवाखान्याची चिठ्ठी, सगळं एका पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळलेलं. नवीन कागद आला की बाबा तो उलटसुलट करून पाहत. शिक्का असला तर महत्त्वाचा, नसला तर साधा. मग तोही पेटीत जाई. वाचून घ्यायचाच असला तर शेजारच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, गुरुजींकडे जावं लागे. गुरुजी जेवत असले तर बाहेर बसायचं, झोपले असले तर परत यायचं.

आमचं गाव मध्य प्रदेशात, तिरोडीच्या बाजूला, महाराष्ट्राच्या सीमेला लागून. बाबा एका ठेकेदाराच्या हाताखाली गोटे फोडत. मी दुसरीत असताना ठेकेदार बदलला आणि घरोघर एकेक कागद वाटला गेला. त्यावर शिक्का होता, म्हणून बाबांनी तो जपून पेटीत ठेवला. गुरुजी तेव्हा मतदार यादीच्या कामावर गावोगाव फिरत होते. मला अक्षरं जोडता येत होती, पण त्या कागदावरची हिंदी माझ्या पुस्तकातली नव्हती. मी पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि अडकलो. गुरुजी पंधरा दिवसांनी आले. तेव्हा कळलं, की फोटो आणि अंगठा देऊन नाव नव्या यादीत लावायचं होतं आणि त्याची तारीख निघून गेली होती.

बाबांना दोन वर्षं खदानीवर काम मिळालं नाही. ते गोंदियाकडे वीटभट्टीवर जात आणि पाऊस लागला की घरी येत. आई दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, रोवणी-निंदणीला जायची, उन्हाळ्यात जंगलात तेंदूपत्त्याला. बांधीतून आली की तिच्या पायांच्या बोटांमधली कातडी पांढरी होऊन सुटलेली असायची. ती चुलीजवळ बसून त्यावर गरम तेल सोडायची आणि तोंडातून आवाज काढायची नाही. शिकून मोठा हो असं मला बाबांनी कधी म्हटलं नाही. त्या वर्षापासून ते फक्त एवढंच करू लागले, की नवीन कागद आला तर आधी माझ्या हातात देत आणि समोर उभे राहत.

शिकलो मी हिंदीत. भांडण करतो मराठीत, तीही आमच्याकडची. इंग्रजी कॉलेजात भेटली, ती अजून पाहुणीसारखीच आहे. बालाघाटला खोली करून मी संगणकाची पदवी घेतली. घरातला पहिला पदवीधर मी. हे सांगतो तेव्हा लोकांना वाटतं, मिरवतो. मिरवतोच. ज्यांच्या घरात तीन पिढ्या शिकलेल्या आहेत त्यांनी हवं तर मिरवू नये.

पदवीनंतर बालाघाटातच एका भातगिरणीवाल्या शेटच्या ऑफिसात लागलो. काम एंट्रीचं. आलेल्या पावत्या संगणकात टाकायच्या. शेटची गिरणी बालाघाटला, गोदाम दुसरीकडे आणि धान खरेदीचं एक केंद्र बिरसाला. बिरसा लांब आहे, रस्ता जंगलातून आणि घाटातून. तिथल्या काट्यावर ट्रॅक्टरचं वजन झालं की आकडा संगणकातून बालाघाटला येई आणि मग तिथे पावती निघे. संगणकाच्या सगळ्या तारा केंद्रावर ज्या डब्यात एकत्र येतात त्याला स्विच म्हणतात. तो डबा बिघडला, किंवा बिघडला असं कोणाला वाटलं, तरी कोणीतरी बसने बिरसाला जायचं, निळी चपटी तार लॅपटॉपला लावायची, त्यात डोकावायचं आणि संध्याकाळी परत यायचं. हे कोणीतरी म्हणजे मी. एंट्री करणाऱ्यांत मलाच ते थोडंफार येत होतं.

मी शेटला म्हटलं, हे बालाघाटात बसून होऊ शकतं. स्विचला बाहेरून आत यायचा रस्ता असतो. त्या रस्त्यावर कुलूप लावलं, म्हणजे पासवर्ड ठरवला, की इथून आत जाता येतं. कुलूप लावल्याशिवाय तो दारच उघडत नाही.

शेट हिंदी बोलणारे. ते म्हणाले, "तू करेगा?"

"करूंगा."

"एंट्री कौन करेगा?"

"वो भी करूंगा."

"फिर कर. बिगड़ा तो तेरा नाम."

बिरसाच्या केंद्रावर मुनीम होते. आमच्याच बाजूचे, साठीला आलेले. मी त्यांना काकाजी म्हणायचो. गावाकडचा माणूस भेटला की ते हिंदी खाली ठेवत आणि आपली भाषा काढत. माणूस शिस्तीचा. पूर्वी ते जिथे नोकरीला होते तिथलं गोदाम तारेच्या ठिणगीनं त्यांच्यासमोर जळालं होतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी केंद्र बंद करताना ते भिंतीवरच्या लोखंडी पेटीचा दांडा खाली ओढत. त्याला सगळे मेन म्हणतात. मेन पडला की पूर्ण केंद्राची लाइन, म्हणजे वीज, बंद. मग काकाजी दाराला कुलूप लावून ते दोनदा हिसकून पाहत आणि घरी जात.

मी बिरसाला गेलो, निळी तार लावली, पासवर्ड ठरवला. काकाजी माझ्यामागे खुर्ची टाकून बसले होते.

"हे काय करून राह्यला?"

"कुलूप लावतो काकाजी."

"चोर येते का ह्याच्यात?"

"येऊ शकते."

"मंग त्याले म्हण, येताना काट्याची बत्ती घेऊन ये. तीन महिने झाले, शेट देऊन नाही राह्यला."

काम झाल्यावर मी त्यांना बजावून सांगितलं, "काकाजी, हा स्विच बंद करू नका. उद्या मी शेटले दाखवणार हाय."

"नाही करत."

दुसऱ्या दिवशी मी शेटला माझ्या टेबलाजवळ बोलावलं. बिरसाचा पत्ता टाकला. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि संबंध तुटला. ओळीचा अर्थ असा, की पासवर्ड लागतो, पण ठरवलेला नाही. मी पुन्हा टाकला, पुन्हा तीच ओळ. शेटने ती वाचली. त्यांना इंग्रजी माझ्यापेक्षा बरी येते.

"यह तो बोल रहा है कि लगाया ही नहीं."

काय झालं ते मला त्याच वेळी कळलं. स्विचमध्ये आपण जे टाकतो ते आधी त्याच्या तोंडपाठ असतं, वहीत उतरलेलं नसतं. वहीत उतरवायचा एक वेगळा हुकूम द्यावा लागतो. तो दिला नाही आणि लाइन गेली, की स्विच सगळं विसरतो आणि जुन्या वहीवर परत जातो. मी तो हुकूम द्यायला विसरलो होतो. काम झाल्याच्या आनंदात विसरलो, दुसरं कारण नाही.

पण मी शेटसमोर ते बोललो नाही. मी बिरसाला फोन लावला आणि शेटला ऐकू जाईल असा ठेवला.

"काकाजी, स्विच बंद केला होता का काल?"

"नाही. तू म्हणला न, हात नाही लावायचा. मी स्विचले बोट नाही लावलो. बाकी मेन पाडलो, रोजच्यासारखा."

काकाजींच्या हिशेबात स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण, ज्यावरून त्या डब्याला लाइन जाते. ते बटण त्यांनी खरंच चालू ठेवलं होतं. मेनला ते स्विच म्हणत नव्हते. मेन म्हणजे मेन. मी जे सांगितलं होतं ते त्यांनी शब्दाला शब्द पाळलं होतं.

मी शेटकडे वळलो. "मुनीमजी ने मेन बंद कर दिया था, इसलिए उड़ गया."

हे वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते बोलायला जड गेलं नाही. शेटने फोन हातात घेतला आणि काकाजींना चार गोष्टी सुनावल्या. वय झालं, समजत नाही, पढ़ा-लिखा लड़का समझाकर गया था, असं बरंच. काकाजी फक्त "जी, जी" म्हणत होते. शेटने मला सांगितलं, एक कागद लिहून भिंतीला लाव.

मी पुन्हा बिरसाला गेलो, पुन्हा पासवर्ड टाकला. या वेळी वहीत उतरवायचा हुकूम दिला, दोनदा दिला. आता मेन पडला तरी काही बिघडणार नव्हतं. तरी मी कागद लावला. लावला नसता तर कोणी विचारलं असतं, का नाही लावला. मोठ्या अक्षरात लिहिलं, हिंदीत आणि मराठीत, मेन बंद करू नये. खाली शेटची सही घेऊन गेलो होतो. आमच्या घरातल्या माणसाच्या हातचा कागद कोणाच्या तरी भिंतीवर हुकूम म्हणून लागायची ती पहिली वेळ. चिकटवताना मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

काकाजी चष्मा लावून कागद वाचत होते.

"अक्षर चांगलं हाय तुहं," ते म्हणाले. मग कुलपाची किल्ली शर्टाच्या खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवली. त्या दिवशी त्यांनी मला चहा विचारला नाही.

बालाघाटातून बिरसा चालू लागलं. घरी मी सांगितलं, आता मी इथून तिथलं यंत्र चालवतो. आईने शेजारणीला सांगितलं, माहा पोट्टा लाइटीचं काम करते. मी दुरुस्त करायला गेलो, तर बाबा म्हणाले, राहू दे, तिले कळलं तेवढं पुरे.

काही महिन्यांनी नागपूरचा एक इंजिनिअर शेटकडे आला. त्यांची कंपनी बऱ्याच गिरण्यांची अशी कामं घेते. त्याने माझ्याच खुर्चीवर बसून बिरसाचा स्विच पाहिला. सभ्य माणूस होता, पण पाहता पाहता एकेक विचारत होता.

"पासवर्ड किती जणांना माहीत आहे?"

तो ऑफिसात सगळ्यांना माहीत होता. कीबोर्डखाली चिठ्ठी होती, ती मी काढून दाखवली.

"म्हणजे कोण आत आलं हे कळत नाही. आणि तुम्ही टेलनेटने, म्हणजे उघड्या रस्त्याने, जाता. पासवर्ड तारेवरून उघडा जातो, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. प्रत्येकाचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा आणि रस्ता झाकलेला हवा. एवढं तरी पाहिजे."

तो बोलला त्यातलं एकही वाक्य चूक नव्हतं. तो गेल्यावर शेटने मला आत बोलावलं.

"सुन. अगले हफ्ते खरीद शुरू है. यह जो बोल गया, नाम-पासवर्ड वाला, तू कर सकता है तो कर. खरीद के एक दिन पहले शाम तक मुझे यहाँ बैठकर दिखा दे. नहीं तो अगले दिन सुबह वो आ रहा है, सब काम उसको दे देंगे. तू फिर एंट्री पर बैठ जाना. एंट्री अच्छी करता है तू."

शेवटचं वाक्य त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं होतं.

आठवडाभर मी वाचलं. एंट्री संपली की माझ्या एका कागदी वहीत मराठीत पायऱ्या लिहायचो. पहिली, माणसांची नावं आणि पासवर्ड टाकायचे. दुसरी, स्विचला स्वतःचं नाव द्यायचं, कारण त्याशिवाय तो झाकलेल्या रस्त्याची किल्ली बनवत नाही. तिसरी, किल्ली बनवायची. चौथी, बाहेरून येणाऱ्या रस्त्यांना सांगायचं, की आता नुसता पासवर्ड नको, नाव विचारा, आणि झाकलेल्या रस्त्यानेच आत घ्या. पाचवी, दुसरी खिडकी उघडून तपासायचं. सहावी, तपासल्यावरच स्विचच्या वहीत उतरवायचं. पाचवीपर्यंत पहिली खिडकी बंद करायची नाही, असं लाल शाईने लिहून ठेवलं होतं.

खरेदीच्या आदल्या दिवशी दुपारी मी बसलो. बसण्याआधी शेटला कळवलं. ते येऊन मागे उभे राहिले.

मी पहिल्या पायरीवर होतो, नाव टाकायचं होतं. शेट म्हणाले, "इसमें मेरा भी नाम रहेगा ना?"

"हाँ शेटजी. कैसे लिखूँ?"

ते विचार करू लागले. पूर्ण नाव, की नुसतं आडनाव, की गिरणीचं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत बाहेर गेले.

आता इथे मी काय केलं ते सांगतो. मला माझं नाव टाकता आलं असतं. एका ओळीचं काम. पण शेटचं नाव अजून ठरलं नव्हतं आणि यादीत माझं नाव त्यांच्या आधी येणार, ते परत आल्यावर पडद्यावर पाहणार. आमच्याकडे लग्नाच्या पत्रिकेत कोणाचं नाव आधी यावरून सोयरिकी मोडल्या आहेत. मी ठरवलं, आधी शेटचं नाव टाकू, मग आपलं. तोवर पुढच्या पायऱ्या करून घेऊ. स्विचला नाव दिलं, किल्ली बनवली, रस्त्यांना सांगितलं, आता नाव विचारा.

शेट परत आले. "हो गया?"

मी म्हटलं, "हो गया, दिखाता हूँ," आणि खिडकी बंद केली. लाल शाई माझ्या कागदी वहीत राहिली.

झाकलेल्या रस्त्याने गेलो. स्विचने नाव विचारलं. मी माझं नाव टाकलं. पासवर्ड विचारला, टाकला. पुन्हा पासवर्ड विचारला. पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा त्याने दार लावलं. तेव्हा मला उमगलं, की स्विच नाव विचारतो आहे आणि त्याच्याकडे एकही नाव नाही. ना माझं, ना शेटचं. जुना रस्ता मीच बंद केला होता. बाहेरून आत जायला आता कोणालाच वाट नव्हती.

"क्या हुआ?"

"पाँच मिनट दीजिए."

शेट घड्याळाकडे पाहून आपल्या केबिनमध्ये गेले.

बिरसाला जायला बस होती, पण पोचेपर्यंत संध्याकाळ झाली असती. आणि गेलोच असतो तर नागपूरवाल्याची बाजू आपोआप सिद्ध झाली असती. बालाघाटात बसून होतं, हेच तर मला दाखवायचं होतं.

एकच उपाय होता. मी केलेलं अजून वहीत उतरलं नव्हतं. या वेळी विसरलो नव्हतो, तपासल्याशिवाय उतरवायचं नाही म्हणून थांबलो होतो. म्हणजे लाइन गेली की स्विच आजचं सगळं विसरेल, जुना पासवर्ड परत येईल आणि मला आत जाता येईल. डबा उंचावर कुलूपबंद जाळीत होता, जाळीची किल्ली इथे बालाघाटात, माझ्या खणात. भिंतीवरच्या बटणाचाही उपयोग नव्हता, कारण डब्याची तार नुकतीच बदलून, मध्ये एक बॅटरी ठेवून, थेट मेनच्या पेटीतून घेतली होती. बॅटरी मेलेलीच होती, म्हणजे मेन पडला की डबा बंद होणारच. लाइन घालवायचा रस्ता एकच, मेन.

मी बिरसाला फोन केला.

"काकाजी, मेन पाडा. दहापर्यंत मोजा, मग चालू करा."

"कोण बोलून राह्यलं?"

"मी बोलतो न. आवाज नाही ओळखत का?"

"आवाज ओळखला. माणूस नाही ओळखू येऊन राह्यला. भिंतीवर कागद लावणारा वेगळा होता काय?"

"तो कागद काढून टाका."

"त्याच्यावर शेटची सही हाय. मी काहून काढू?"

"काकाजी, उद्या खरेदी हाय. अर्जंट हाय."

"माह्या इथं तीन ट्रॅक्टर आत्ताच येऊन उभे हाय, त्याईच्या पोट्ट्याईले चहा पाहिजे, ते अर्जंट हाय." मग म्हणाले, "तुह्या शिक्षणाचं मले कौतुक हाय बाबू. खोटं नाही सांगत. पण एक समजावून सांग. त्या दिवशी मेन पाडला तं तुहं काम बिघडलं. आज मेन पाडला तं तुहं काम सुधरते. असा कोणता मेन हाय हा?"

ट्रॅक्टरवाल्यांची बोलणी फोनमधून ऐकू येत होती.

"त्या दिवशी चूक माही होती," मी म्हटलं. "एक हुकूम द्यायचा राह्यला होता. तो देला असता तं मेन पडून काही नसतं झालं. तुमचं काही चुकलं नव्हतं."

"हे मले माहीत हाय."

"कसं?"

"तू कागद लावून गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तीन घंटे लाइन गेलती. वरूनच. मी म्हटलं, आता फोन येते शेटचा. नाही आला. तुहं यंत्र बरोबर चालत होतं. मंग मी समजलो." ते खोकले. "हे मले सांगून काय करतं? ज्याले सांगितलं होतं त्याले सांग. त्यानं म्हटलं तं पाडतो मेन. नाही तं कागद हाय न भिंतीवर."

फोन ठेवला त्यांनी.

मी केबिनच्या दारात गेलो. शेट बारदान्याच्या, म्हणजे धानाच्या पोत्यांच्या, नमुन्याचा कपडा बोटांनी ताणून पाहत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. आज मी नाव टाकायच्या आधी दार बंद केलं, आता आत जाता येत नाही, मेन पाडून चालू केला तर दुरुस्त होईल. आणि मागच्या वेळी मुनीमजींची चूक नव्हती. माझी होती.

"मुनीम ने मेन बंद नहीं किया था?"

"किया था. पर मैंने ठीक से काम किया होता तो उससे कुछ नहीं होता."

"उस दिन क्यों नहीं बोला?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते चांगलं नव्हतं. मी म्हटलं, "ग्रेजुएट बोलकर रखा था आपने. मुझे वही रहना था."

शेटने कपडा बाजूला ठेवला. ते रागावले नाहीत, निदान मोठ्याने नाही. म्हणाले, "नागपुर वाला भी गलती करता होगा. पर वो गलती का नाम दूसरे को नहीं देता होगा, देगा तो दूसरी बार बुलाएगा कौन." मग फोन उचलून बिरसाला लावला.

"मुनीमजी, मेन बंद करके चालू कर दीजिए."

"कागज लगा है शेटजी."

"कागज निकाल दीजिए."

"निकालकर क्या करूँ?"

"फाड़ दीजिए. लड़के ने मुझे बता दिया है सब. आपको उस दिन जो बोला था, वो..."

"वो जाने दीजिए," काकाजी म्हणाले. "काँटे की बत्ती भेज दीजिए, बस."

मी टेबलाशी येऊन बसलो. बिरसाच्या स्विचला सारखी हाक देणारा एक हुकूम असतो, तो लावून ठेवला. उत्तरं येत होती, एकाएकी थांबली. म्हणजे मेन पडला. पडद्यावर उत्तर नाही, उत्तर नाही अशा ओळी खाली खाली जात राहिल्या. स्विच उठायला चार-पाच मिनिटं घेतो, हे मला माहीत होतं. त्या दिवशी जास्त घेतली असं वाटलं, पण तेवढीच घेतली असावीत. मग एक उत्तर आलं, मग दुसरं, मग सारखी येऊ लागली. जुन्या रस्त्याने जुना पासवर्ड टाकला. आत गेलो.

शेट मागे येऊन उभे होते. मी पहिलं नाव माझं टाकलं. दुसरं त्यांचं, त्यांनी सांगितलं तसं, नुसतं आडनाव. त्यांनी यादीकडे पाहिलं आणि म्हणाले, आगे चल. मग स्विचला नाव, किल्ली, रस्ते. पहिली खिडकी उघडी ठेवून दुसरी उघडली. त्याने नाव विचारलं, मी टाकलं, पासवर्ड टाकला आणि दार उघडलं. मग वहीत उतरवायचा हुकूम दिला. उतरलं असं त्याने कळवलं. तेव्हाच पहिली खिडकी बंद केली.

पक्कं करायला मी पुन्हा बिरसाला फोन केला.

"काकाजी, अजून एक बार मेन पाडा न."

"आता सवय लागली का तुले मेनची?"

"पाहू द्या, टिकते का."

"पाहा बाप्पा. हे ट्रॅक्टरवाले म्हणून राह्यले, ह्या केंद्रावर दिवाळी लागली का."

मेन पडला, उठला. मी माझ्या नावाने आत गेलो. शेटने मला उठायला लावलं, खुर्चीवर बसून एका बोटाने आपलं नाव टाकलं, पासवर्ड टाकला आणि आत गेले. दोन मिनिटं काही न करता पाहत बसले. मग विचारलं, बाहेर कसं पडायचं. ते मी सांगितलं. त्यांनी तिथूनच नागपूरला फोन करून सांगितलं, की उद्या यायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी बिरसाची खरेदी ठरल्या वेळी सुरू झाली. त्या हंगामात मी तिथे एकदाच गेलो, काट्याची बत्ती लावायला, आणि त्या दिवशी काकाजींनी चहा दिला. पुढच्या वर्षी एंट्रीसाठी दुसरा माणूस ठेवला गेला. आज शेटच्या सगळ्या जागांचे स्विच बालाघाटातून चालतात, प्रत्येकात प्रत्येक माणसाचं नाव आणि पासवर्ड वेगळा आहे आणि ते सगळं मी लावलेलं आहे.